कोअरचा हक्क कागदावर घ्या : संरक्षणमंत्र्यांना एका इंजिन फिटरचं खुलं पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार
प्रत माहितीसाठी : मा. अध्यक्ष, डीआरडीओ, मा. हवाई दल प्रमुख, मा. अध्यक्ष, एचएएल

महोदय,

स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपण जाहीर केलंत की फ्रान्सच्या साफ्रान कंपनीला सोबत घेऊन लढाऊ विमानाचं इंजिन भारतात तयार होणार. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जेट इंजिन आपलं स्वतःचं असावं असं आवाहन केलं. माझ्यासारख्या माणसाला याहून गोड बातमी नाही. पण त्यानंतर या विषयावर जे जे हाती लागलं ते वाचून काढलं, आणि त्यात वाहतूक विमानाचा उल्लेख काही सापडला नाही. ॲम्का हे आपलं होऊ घातलेलं लढाऊ विमान आहे, तेजस आहे, ड्रोन आहेत. ज्या विमानातून रणगाडा लेहला जातो आणि भूकंपग्रस्तांना तंबू जातात, त्याच्या इंजिनाबद्दल कुणी बोलत नाही.

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. नोकरीची बरीच वर्षं आयएल-७६ च्या, म्हणजे आपल्या गजराजच्या पंखाखाली गेली. एका विमानाला चार डी-३० केपी इंजिनं, प्रत्येकाचा थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, सुमारे १२ टन. या इंजिनांनी मला घडवलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण १९८५ साली आलेलं विमान आणि त्याही आधीच्या पिढीचं इंजिन आजही आपल्या अवजड वाहतुकीचा एक खांब आहे, आणि त्या जागी उभं करायला आपल्याकडे स्वतःचं काहीही नाही. ही गोष्ट गप्प बसून पाहणं मला जमत नाही. पत्र मराठीत लिहितोय, कारण चाकण, ओझर, विक्रोळीच्या शॉपमध्ये इंजिनाचे आणि विमानाचे भाग बनवणाऱ्या पोरांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टर्बोफॅनचा पुढचा पंखा हवा ओढतो. त्यातली काही हवा कोअरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या गाभ्यात शिरते, तिथे दाबली जाते, इंधनाबरोबर जळते आणि टर्बाइन फिरवते. उरलेली कोअरच्या बाजूने तशीच मागे ढकलली जाते. या बाहेरच्या हवेचं आतल्या हवेशी जे प्रमाण, तो बायपास रेशो. तेजससाठी आखलेल्या आपल्या कावेरी इंजिनाचा तो ०.१६ च्या आसपास आहे. डी-३० केपीचा साधारण २.४. सी-१७ या अमेरिकन अवजड वाहतूक विमानाला जे एफ-११७ इंजिन आहे त्याचा सहाच्या घरात. लढाऊ इंजिन हा शर्यतीचा बैल. त्याला अंग कमी आणि झेप जास्त लागते. वाहतूक विमानाला नांगराचा बैल हवा. भरपूर हवा सावकाश ढकलायची, इंधन कमी प्यायचं, आणि हजारो तास पंखावरून न उतरता काम करायचं. म्हणून एक इंजिन जमलं की दुसरं आपोआप जमतं असं होत नाही. मात्र दोघांचा कोअर एका घराण्यातला असू शकतो. माझं सगळं म्हणणं याच एका मुद्द्यावर उभं आहे.

हाय-बायपास, म्हणजे मोठा बायपास रेशो असलेल्या इंजिनाचा जन्मच मुळी लष्करी वाहतूक विमानासाठी झाला. १९६० च्या दशकात अमेरिकन हवाई दलाला सी-५ गॅलेक्सी हवं होतं. त्यासाठी अमेरिकेच्याच जीई कंपनीने टीएफ-३९ हे इंजिन बनवलं, बायपास रेशो आठ. १९६८ मध्ये गॅलेक्सी उडालं. पुढे त्याच इंजिनातून नागरी विमानांचं सीएफ-६ निघालं. स्पर्धेत हरलेल्या प्रॅट अँड व्हिटनीचं जेटी-९डी बोइंग ७४७ ला लागलं. आज मुंबईहून लंडनला जाणारा प्रवासी ज्या प्रकारच्या इंजिनाच्या भरवशावर झोपतो, त्या प्रकारच्या इंजिनाचा पहिला मोठा खर्च एका हवाई दलाने आपल्या मालवाहू विमानासाठी उचलला होता. आपल्याकडे मात्र वाहतूक विमान म्हटलं की ते खरेदी विभागाचं काम समजलं जातं.

आता तक्रारी मांडतो.

पहिली. साठ वर्षांहून अधिक काळ आपण इंजिनाचा विचार फक्त लढाऊ विमानापुरता केला. मारुत हे आपलं लढाऊ विमान १९६१ साली उडालं. त्याचा सांगाडा उत्तम होता, पण त्याच्या तोडीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. १९८९ मध्ये कावेरीला मंजुरी मिळाली, ३८२.८१ कोटी रुपये. २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं काढलं गेलं. कावेरीला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. त्याच्यावर तीस वर्षांत मिळून सुमारे दोन हजार कोटी खर्च झाले. त्याच देशाने दहा सी-१७ साठी सुमारे ४.१ अब्ज डॉलर मोजले तेव्हा कुणाच्या कपाळावर आठी पडली नव्हती. हैदराबादच्या डीएमआरएल या डीआरडीओच्या धातू प्रयोगशाळेने सिंगल क्रिस्टल, म्हणजे एकाच स्फटिकाची, उष्णता सोसणारी ब्लेड बनवून हेलिकॉप्टर इंजिनासाठी एचएएलला दिली, कॉम्प्रेसरच्या डिस्क घडवण्याचं आयसोथर्मल फोर्जिंगही, म्हणजे साचा आणि धातू एकाच तापमानात ठेवून घडवणंही, जमवून दाखवलं. हे लहान काम नाही. पण कावेरीवरच्या सगळ्या कष्टाला फक्त एकच गिऱ्हाईक ठेवलं गेलं, लढाऊ विमान. ते गिऱ्हाईक रागावून गेलं आणि दुकान ओस पडलं.

दुसरी तक्रार मला जास्त जिव्हारी लागते. रशियाबरोबर मिळून मध्यम वाहतूक विमान बनवायचं ठरलं होतं. २००७ मध्ये सरकारांचा करार झाला, नंतर संयुक्त कंपनीही निघाली. २०१६ च्या सुमारास एचएएलने अंग काढून घेतलं. मतभेदाचा मोठा मुद्दा कुठला होता? इंजिन. रशिया पीएस-९० इंजिन लावू म्हणत होता, आपल्याला पूर्ण डिजिटल नियंत्रण असलेलं, म्हणजे फेडेक असलेलं नवं इंजिन हवं होतं. आपली मागणी बरोबर होती. पण मागणी करणाऱ्याच्या हातात पर्याय नसला की त्याच्या बरोबर असण्याला किंमत राहत नाही. ते विमान गेलं ते गेलंच. त्यानंतर निदान इंजिनाचं काम तरी सुरू व्हायला हवं होतं. झालं नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये हवाई दलाने १८ ते ३० टन वाहून नेणाऱ्या विमानासाठी पुन्हा माहिती मागवली. स्पर्धेत सी-१३०जे, ए-४००एम आणि ब्राझीलचं सी-३९०. यातल्या टर्बोफॅनवाल्या सी-३९० ला व्ही-२५०० इंजिन आहे, जे आपल्याकडे इंडिगोच्या जुन्या ए-३२० विमानांवर वर्षानुवर्षं उडालंय. यातलं कुठलंही विमान निवडा, माझी हरकत नाही. हवाई दलाला विमानं आज हवी आहेत आणि पहिली तुकडी परदेशी इंजिनावरच येणार, हे मला कळतं. तक्रार ही आहे की वीस वर्षांनी त्या विमानाला नवं इंजिन लावायची वेळ येईल तेव्हा आपल्याकडे काय असेल, हा प्रश्न निविदेच्या कुठल्या रकान्यात आहे?

याच ओघात एक आठवण देतो. सी-२९५ या वाहतूक विमानाचा कारखाना नागपूरच्या मिहानमध्ये यावा की बडोद्यात जावा यावरून २०२२ मध्ये महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. सत्ताधारी आणि विरोधक दोघेही तावातावाने बोलले. त्या विमानाचं इंजिन कॅनडाहून येतं, हे त्यांतल्या किती जणांना माहीत होतं कुणास ठाऊक.

तिसरी तक्रार चाचणीची. नवं इंजिन जमिनीवर कितीही नीट चालो, त्याला उंचीवर नेऊन, चालत्या विमानाच्या पंखाखाली लावून पारखावं लागतं. बाकी तीन इंजिनं भरवशाची आणि चौथ्या जागी नवं इंजिन, अशी ही पद्धत. आपल्याकडे असं एकही विमान नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये कावेरी उडालं ते मॉस्कोजवळच्या ग्रोमोव्ह संस्थेत, आणि कुठल्या विमानावर? आयएल-७६ वर! ज्या जातीच्या विमानांची अख्खी तुकडी आपल्या ताफ्यात आहे, त्याच जातीच्या विमानाखाली आपलं इंजिन लावून बघायला आपण रशियात गेलो. वेळापत्रक त्यांचं, हवामान त्यांचं, तारखा त्यांच्या. एखादी दुरुस्ती करून पुन्हा उडवायचं म्हटलं की पुन्हा रांगेत उभं राहायचं. दिवसभर जमिनीवर इंजिन चालवून संध्याकाळी बोरोस्कोप, म्हणजे आत डोकावायची बारीक दुर्बीण, घालून ब्लेड बघितलेला कुणीही सांगेल की इंजिन सुधारतं ते अशा फेऱ्यांनी. फेऱ्या जितक्या जवळ जवळ, तितकं ते लवकर शिकतं.

चौथी थोडक्यात. आपल्याकडे हात नाहीत असं नाही. चाकणला जीईच्या कारखान्यात जगभर उडणाऱ्या इंजिनांचे भाग बनतात. विक्रोळीला गोदरेजकडे कावेरीच्या नव्या रूपाच्या मॉड्यूलचं काम आलं. नागपूरला एअर इंडियासाठी उभारलेल्या केंद्रात मोठी इंजिनं उघडली जातात. पण यातलं बहुतेक काम दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर चालतं. मायक्रॉनमध्ये अचूक भाग बनवणाऱ्या पोराला तो भाग तसाच का आहे, हे विचारायची मुभा नसते.

यावर ठरावीक उत्तर येतं ते मला पाठ आहे : वाहतूक विमानं थोडी, त्यांच्यासाठी इंजिन बनवणं परवडत नाही, बाजारात मिळतंय ना, घ्या.

बाजाराचं आधी बघू. तेजस मार्क १ए साठी २०२१ मध्ये ९९ इंजिनं मागवली, पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. सांगाडे तयार, इंजिनाची वाट. २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा तिने बोट दाखवलं ते इंजिनांकडे, आणि इंडिगोची कितीतरी विमानं त्याच सुमारास इंजिनांअभावी जमिनीवर बसली. एएन-३२ या वाहतूक विमानांच्या सुधारणेचा करार युक्रेनशी केला आणि २०१४ नंतर तिथे काय झालं ते साऱ्या जगाने पाहिलं. १९९८ चे निर्बंध आपल्या पिढीला विसरता येणार नाहीत. सी-१७ ची असेंब्ली लाइन २०१५ मध्ये बंद झाली. आपलं अकरावं विमान हे त्या लाइनवरचं न विकलेलं शिल्लक विमान होतं. बाजारात मिळतं, हे खरं. पण विकणाऱ्याच्या मनात असेपर्यंत.

आता संख्या. हे मी मान्यच करतो की साठ-सत्तर विमानांसाठी कोऱ्या कागदावरून इंजिन काढणं कुठल्याही हिशोबात बसत नाही. जपानने तसं धाडस केलं. पी-१ या सागरी गस्ती विमानासाठी तिथल्या आयएचआय कंपनीने आठच्या आसपास बायपास असलेलं एफ-७ इंजिन स्वतः घडवलं, तेही थोडक्या विमानांसाठी. तो त्यांचा निर्णय. आपल्यासाठी दुसरी वाट आहे, आणि ती साफ्रानला आपल्यापेक्षा चांगली माहीत आहे.

जगात सर्वाधिक खपलेल्या प्रवासी इंजिनांपैकी सीएफएम-५६ चा कोअर आला कुठून? बी-१ बॉम्बर विमानाच्या एफ-१०१ इंजिनातून. तो गोपनीय होता. १९७२ मध्ये अमेरिकन सरकारने निर्यातीची परवानगी नाकारली. १९७३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि फ्रान्सचे अध्यक्ष पाँपिदू आइसलँडमध्ये भेटले आणि वाट मोकळी झाली, पण अट अशी की कोअरचं तंत्रज्ञान फ्रेंचांच्या हाती द्यायचं नाही. फ्रेंच कंपनीने पुढचा पंखा आणि मागची लो-प्रेशर टर्बाइन घेतली, भागीदारी निम्मी-निम्मी ठेवली, आणि त्यातून शिकत शिकत मोठी झाली. ती कंपनी स्नेक्मा, म्हणजे आजची साफ्रान. लष्करी कोअरमधून मालवाहू आणि प्रवासी इंजिन कसं निघतं, आणि कोअर दुसऱ्याच्या कुलपात असला की काय भोगावं लागतं, हे दोन्ही त्यांनी अनुभवलंय. आज ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहेत.

चीननेही हीच वाट धरली. वाय-२० हे त्यांचं अवजड वाहतूक विमान जानेवारी २०१३ मध्ये उडालं, २०१६ मध्ये सेवेत आलं, ते रशियन डी-३० वर. त्याच वेळी डब्ल्यूएस-२० या हाय-बायपास इंजिनाचं काम चालू होतं. त्याचा कोअर त्यांच्या लढाऊ विमानांच्या डब्ल्यूएस-१० मधून घेतल्याचं जाणकार सांगतात, आणि उड्डाण चाचणीसाठी त्यांनी विमान वापरलं तेही आयएल-७६. आता वाय-२०बी त्या इंजिनावर उडतं. २०२० मध्ये लडाखमध्ये तणाव होता तेव्हा आपल्या हवाई दलाने ६८,००० हून अधिक जवान आणि कितीतरी रणगाडे पूर्व लडाखला उचलून नेले. लेहचा तळ दहा हजार फुटांवर, दुपार झाली की हवा आणखी विरळ, वजन कमी करून उडायचं. त्या वेळी पलीकडच्या वाय-२० खाली आणि अलीकडच्या गजराजखाली एकाच घराण्याचं इंजिन होतं. त्यांनी ते बदललं. आपण मात्र त्याचेच सुटे भाग शोधतोय.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

एक, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. साफ्रानबरोबरच्या इंजिनाचे बौद्धिक संपदेचे हक्क भारताकडे राहतील अशा बातम्या आल्या आहेत. फार चांगलं. पण हक्क कशाचे? त्या एका लढाऊ इंजिनाचे, की त्याच्या कोअरमधून पुढे निघणाऱ्या प्रत्येक इंजिनाचे? वाहतूक विमान, गस्ती विमान, टँकर, नागरी विमान, जहाज, कशासाठीही तो कोअर वापरण्याचा, बदलण्याचा आणि विकण्याचा हक्क, कुणाची परवानगी न घेता, करारात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. सही झाली असेल तर पुरवणी करार करा. आणि जीटीआरईच्या, म्हणजे कावेरी घडवणाऱ्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेच्या, डिझाइनरांना आजच सांगा की हा कोअर उद्या कमी तापमानावर पण कितीतरी जास्त तास चालवायचा आहे. डिस्कचं आयुष्य, कूलिंग, देखभालीसाठी बोरोस्कोपची दारं कुठे ठेवायची, हे पहिल्या ड्रॉइंगमध्ये ठरतं. नंतर घुसवता येत नाही.

दोन. ताफ्यातलं जे आयएल-७६ यापुढे मालवाहतुकीसाठी दुरुस्त करणं परवडणार नाही, असं एक विमान इंजिन चाचणीसाठी राखून ठेवा. भंगारात काढू नका. त्यावर आधी कावेरीचं नवं रूप उडू दे, मग एचएएलचं २५ किलोन्यूटनचं इंजिन, मग ॲम्काचं. हाय-बायपासची पाळी येईपर्यंत चाचणी करणारी माणसं तयार झालेली असतील. या विमानावर आयुष्य काढलेले शेकडो निवृत्त फिटर आणि फ्लाइट इंजिनिअर देशभर आहेत. बोलावून बघा, बहुतेक जण भत्त्याचीही चौकशी न करता येतील.

तीन. मध्यम वाहतूक विमानाच्या खरेदीत इंजिनाचा संपूर्ण ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, भारतात करण्याची अट घाला, आणि संपूर्ण म्हणजे हॉट सेक्शन या इंजिनाच्या सगळ्यात तापणाऱ्या भागासकट. खरेदीच्या बदल्यात भारताला मिळणारं काम ब्रॅकेट, पाइप आणि झाकणांवर भागवू देऊ नका. टर्बाइन ब्लेडची दुरुस्ती आणि कोटिंग इथे व्हायला हवं. इंजिन कुठे थकतं हे ओव्हरहॉल शॉपमध्ये दिसतं, आणि ज्याला ते दिसलं तोच पुढचं इंजिन नीट काढतो.

चार. मोठा पंखा, त्याचं केसिंग आणि लो-प्रेशर टर्बाइन यांचं स्वतंत्र काम कोअरची वाट न पाहता आताच सुरू करा. पंख्याचं पातं तुटलं तर ते केसिंगच्या आत अडलं पाहिजे, पक्षी आत गेला तरी इंजिन सुरक्षित राहिलं पाहिजे, या परीक्षा लढाऊ इंजिनाने आपल्याला फारशा शिकवलेल्या नाहीत. त्याला वर्षं लागतात. कामासाठी थोडी पण अखंड रक्कम द्या. तुकड्यातुकड्यांनी मंजुरी देऊन कावेरीचं काय झालं ते कॅगच्या अहवालात आहे.

पाच. या सगळ्याला एक धनी नेमा. चीनने २०१६ मध्ये विमान बनवणाऱ्यांपासून वेगळी करून इंजिनांची स्वतंत्र सरकारी कंपनी काढली. आपल्याकडे जीटीआरई एकीकडे, एचएएलचे इंजिन विभाग दुसरीकडे, हवाई दल गिऱ्हाईक म्हणून तिसरीकडे. तेवढी मोठी कंपनी नको असेल तर निदान एक अधिकारी असू दे, ज्याची मुदत दर दोन वर्षांनी संपत नाही आणि जो दरवर्षी संसदेच्या स्थायी समितीपुढे उभा राहून सांगेल : एवढे तास इंजिन चाललं, एवढ्या वेळा बंद पडलं, कारण हे.

यात पैशांची मोठी मागणी पहिल्या दोन मुद्द्यांत नाही, हे आपल्या लक्षात आलंच असेल. पहिल्याला वकील लागतात आणि दुसऱ्याला एक हँगर. निदान या दोन मागण्यांवर मंत्रालयाची भूमिका संसदेच्या पुढच्या अधिवेशनात सांगावी, ही विनंती. उत्तर इंग्रजीत किंवा हिंदीत आलं तरी चालेल, आम्ही वाचून घेऊ.

कळावे,
आपला,
एक निवृत्त इंजिन फिटर, भारतीय हवाई दल
जि. सातारा